करंजवाडीच्या अंगणात जीप

पेणहून रोह्याला एसटीने माणूस दीड तासात पोचतो. आम्हाला रोह्याच्या पुढे करंजवाडीला जाऊन परत यायला सहा दिवस लागले, आणि त्यातले तीन दिवस आम्ही रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या एका गॅरेजात होतो. आळीतल्या बायका विचारतात, वर काय आहे गो एवढं? मला तोंडाने नीट सांगता येत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. म्हणून वहीत लिहिते.

वर माझी लेक आहे, दर्शना. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न रोह्याला हॉलमध्ये झालं. घर बघायला तेव्हा पुरुषमाणसं गेली होती, मी गेले नव्हते. जावई रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जातात आणि चार जणांत मिळून एक खोली घेऊन राहतात. लेक सासूसोबत डोंगरात, भात आणि वाल करते. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी घेत नाहीत. मग उपाशी बसायला कशाला जायचं, म्हणून मी कधी गेलेच नाही. लेक कुठल्या चुलीवर भाकरी करते ते मला माहीत नव्हतं.

या आश्विनात तिला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून आम्ही फोन केला. विहीणबाईंनी फोनवरच अट घातली. वाडीचा रस्ता यंदाच्या पावसाने फोडून टाकला आहे, रिक्षा येत नाही, टेम्पो अर्ध्यात टाकून जातो. तुमची गाडी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली तर सून गाडीत बसेल, नाहीतर बाळंतपण इथेच. दीड तास उतरण ती चालणार नाही. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. वाडीपासून दवाखाना किती लांब आहे ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे म्हणाले, "आपली जीप हाय की."

पेणहून निघालो

आपली जीप म्हणजे मिठागराच्या शेठची जुनी जीप. वय माझ्या लग्नाएवढं. हे तिच्यावर ड्रायव्हर होते, मी आगरात वाफे तुडवायला जायची. मिठाची पोती ती जीप बांधावरून रस्त्यापर्यंत आणायची. आगर बंद झालं तेव्हा शेठने ती यांना देऊन टाकली. तेव्हापासून ती दारात ताडपत्रीखाली उभी होती. पण हे रोज सकाळी ती चालू करायचे, थोडा वेळ धूर काढायचे आणि बंद करायचे. आळी हसायची. म्हणायची, देवाला दिवा लावतात तसा हा जीपला लावतो.

पेणच्या दोन गॅरेजांत विचारलं. एकाने सांगितलं भंगारात द्या, दुसऱ्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. चारही चाकं ओढणाऱ्या जुन्या गाडीचं काम आता कोणी करत नाही म्हणे. शेवटी गणपतीच्या कारखान्यात माती आणणाऱ्या एका ड्रायव्हरने अष्टमीच्या हमीदमेस्त्रींचं नाव सांगितलं.

सकाळी निघालो. मी सोबत पोह्याचे पापड, जाड्या मिठाची एक पिशवी, भाकऱ्या आणि गोड्या पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या. हायवेला मोठमोठ्या गाड्या आम्हाला हॉर्न देऊन पुढे जात होत्या. हे काही जोरात हाकत नव्हते. दार धरून ठेवावं लागत होतं, ते मी धरलं होतं.

नागोठण्याच्या अलीकडे खाली धाडकन आवाज झाला आणि जीप ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. सायलेन्सर एका बाजूने सुटून रस्त्यावर घासत होता. यांनी आगरातली सवय म्हणून पोत्याची सुतळी काढली आणि पक्की गाठ मारून तो बांधला. एवढी चांगली गाठ होती की मला बरं वाटलं. दोन किलोमीटरवर परत धाडकन झालं. सायलेन्सर तापतो आणि सुतळी जळते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग एका कुंपणाजवळ पडलेला तारेचा तुकडा मिळाला. हे गाडीखाली झोपून तार पिळत होते आणि मी वर उभी राहून अंबा नदीकडे तोंड करून होते, कारण येणारा जाणारा प्रत्येक जण बघत होता.

खिंड चढताना जीपने दोनदा दम घेतला. कुंडलिकेच्या काठाला, रोह्यासमोरच्या अष्टमीत उतरलो तेव्हा दुपार झाली होती.

अष्टमी

हमीदमेस्त्री सत्तरीचे असतील. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि मागे चार मेलेल्या जिपा. त्यांनी आधी काही विचारलं नाही. जीप चालू ठेवायला सांगितली, स्क्रू पिळायचा एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छातीला लावतात तसं. ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात होते आणि मान हलवत होते. लेकीला आणायला मिळणार की नाही हे त्या पेचकसात ऐकू येत असेल असं मला वाटलं.

मेस्त्री म्हणाले, "दिल चांगला हाय हिचा. रोज चालू करीत व्हता?"

यांनी हो म्हटलं. आळी हसली होती त्या गोष्टीचं पहिल्यांदा कोणी कौतुक केलं होतं. यांचा चेहरा उजळला.

मग मेस्त्री हातोडी घेऊन खाली शिरले. सगळ्या गाडीचं वजन ज्या लोखंडी सांगाड्यावर असतं त्याला चासी म्हणतात. ती ते ठोकत गेले. टण, टण, टण, आणि मग एके ठिकाणी भद्द. तिथलं लोखंड पापडासारखं त्यांच्या अंगावर पडलं. बाहेर येऊन त्यांनी डोळे पुसले.

"हिला काय दर्यात बांधून ठेवली व्हती?"

हे म्हणाले, नाही हो, फार जपलं तिला. पोती वाहिली तरी दर दसऱ्याला बांधाच्या झडपेपाशी, उघाडीवर नेऊन धुवायचो, मग हार, हळदकुंकू.

"धुवायचे कशाने?"

"खाडीच्या पान्याने."

मेस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. "पूजा करून मारलीत हिला."

आमच्या खारेपाटात गोडं पाणी माणसाला पुरत नाही, दिवसाआड नळ येतो. गोडं पाणी गाडीवर ओतायचं म्हणजे पाप. भांडी, बैल, होडी सगळं आम्ही खाडीतच धुतलं, तशी जीपही धुतली. धूत होतो म्हणजे मीठच चोळत होतो. माझ्याच हातांनी मी तिचं पोट किती वेळा चोळलं होतं.

मी घाबरून विचारलं, वर जाईल का. माझा आवाज त्यांना ऐकूच गेला नाही, यांनी परत विचारलं. मेस्त्रींनी विचारलं कुठे जायचं आहे, कोणाला आणायचं आहे. यांनी सगळं सांगितल्यावर मेस्त्री करंजवाडीच्या डोंगराकडे बघत राहिले. म्हणाले, तीन दिवस द्या. गरोदर बाईला आणायची म्हणजे नुसती चढून चालणार नाही, हळू उतरली पाहिजे.

आम्ही त्यांच्याच माडीवर राहिलो. मेस्त्रींच्या घरून बोलावणं आलं होतं, आणि मला तिथे जेवायला काही अडचण नव्हती, कारण तिथे माझी लेक दिलेली नव्हती. ते तीन दिवस मी शेडच्या कोपऱ्यात एका टायरवर बसून बघत होते. मेलेल्या जिपांमधून जिवंत भाग निघत होते. एकीच्या अंगाचा जाड पत्रा कापून आमच्या चासीला डाग दिला, दोन्ही बाजूंनी. दुसरीच्या आसनाचं बाक काढून आमच्यात सरळ पुढे तोंड करून बसवलं, कारण आडव्या बाकावर पोट एका बाजूला ओढलं जातं असं मेस्त्री म्हणाले. धरायला एक दांडा वेल्डिंग करून दिला. जाड नक्षीचे टायर चढवले. इंजिन ज्या वाटेने हवा घेतं ती वाट एका पाइपने टपापर्यंत उंच नेली, म्हणजे ओढ्यात नाकातोंडात पाणी जाणार नाही. तेव्हा मला वाटलं होतं यात नवल ते काय, पुढे ओढा बघितल्यावर कळलं.

सगळ्यांत मोठं नवल दुसऱ्या दिवशी झालं. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता. इतक्या वर्षांत यांनी तो कधी हलवला नव्हता. आगराच्या बांधावर गरज पडली नाही, आणि शेठने सांगितलं होतं की तो बिघडलेला आहे, हात लावू नको. हे त्याला पिशवी अडकवायचे. मेस्त्रींनी जीप चार ओंडक्यांवर चढवली, चारही चाकं अधांतरी. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक वाटीएवढी चकती असते. तिला ते हब म्हणतात. ती गंजून चिकटली होती. ती त्यांनी रॉकेलमध्ये भिजवून, ठोकून, ग्रीस भरून मोकळी केली. मग मला बोलावलं.

"भाबी, इकडं या. तुम्ही फिरवा. साहेबांना गाडीत बसावं लागंल, उतरून हे कोन करनार?"

मी लाजले, पण गेले. चकती धरून फिरवली. आतून कट् असा आवाज आला. दुसऱ्या चाकाची फिरवली. कट्. मेस्त्रींनी सांगितलं, ही नाही फिरवली तर छोटा दांडा टाकूनही पुढची चाकं ओढणार नाहीत, नुसती सोबत फिरतील. हे विसरायचं नाही. मग यांनी छोटा दांडा ओढला आणि क्लच सोडला.

पुढची चाकं फिरायला लागली. मागची आणि पुढची, चारही, सावकाश, एका तालात. हे खाली उतरून समोर येऊन बघत राहिले. इतकी वर्षं ज्या जनावरावर बसलो त्याला आणखी दोन पाय होते, आणि आपण त्यांना पिशवी अडकवत होतो. मला पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण गॅरेजातली पोरं बघत होती.

शेवटच्या दिवशी मेस्त्रींनी पाटे सोडले. चाकावर गाडी ज्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांवर झुलते ते पाटे. ते मिठाच्या पोत्यांसाठी लावलेले, दगडासारखे कडक. प्रत्येक थरातला एक पाटा काढला, उरलेल्यांच्या मध्ये ग्रीस लावलं. आणि तपासायला मला मागच्या बाकावर बसवलं, हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि जीप अष्टमीच्या रस्त्यांवर, जिथे गतिरोधक होते तिथून फिरवली. पहिल्या फेरीत निम्मा तांब्या माझ्या मांडीवर. आणखी एक पाटा काढला. दुसऱ्या फेरीत दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले होते. एकाने विचारलं, मेस्त्री, नवस हाय काय कसला? मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून तांब्याकडेच बघत होते. तिसऱ्या फेरीत पाणी हललं, पण सांडलं नाही.

मेस्त्री म्हणाले, "आता जा."

करंजवाडीची चढण

मोरीपाशी डांबर संपलं आणि पुढे डोंगर उभा होता.

आमच्याकडे जमीन सपाट. बांधावर उभं राहिलं की सगळीकडे आभाळच दिसतं, आणि सगळ्यात उंच काय तर विजेचा खांब. इथे मान मागे टाकावी लागत होती. वरच्या काळ्या कड्यांवरून अजून पाणी येत होतं, पांढऱ्या दोऱ्यांसारखं. पायथ्याला पिवळी पडत आलेली भातं, पायऱ्या पायऱ्यांची, एकेक खाचर आमच्या वाफ्याएवढं. आणि सगळीकडे पाण्याचा आवाज. इतकं गोडं पाणी कोणी न भरता, कोणी न भांडता नुसतं वाहून जात होतं. मी यांना गाडी थांबवायला लावली आणि उतरून त्यात हात बुडवला. थंड. जिभेला लावून बघितलं. मला रडू का आलं ते कळलं नाही.

पुढे ओढा होता. त्याने रस्त्याचा लचका तोडला होता. पाणी जिपेच्या पायरीपर्यंत आलं, मग बाकाखाली आलं. माझे पाय ओले झाले. इंजिन वरच्या पाइपातून श्वास घेत होतं, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. तशीच जीप पलीकडे चढली.

फजिती झाली ती त्याच्याही पुढे. ओढ्याने गाळ आणून रस्ता बुजवला होता, शंभर पावलं रुंद चिखलाचं मैदान. एका बाजूला भेगाळलेली, फुटलेली माती, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, काचेसारखी चकाकणारी. हे म्हणाले, तू बघ, चिखल तुला कळतो. खरं होतं ते. अख्खी जवानी मी वाफे तुडवले आहेत. आगरात नव्या वाफ्याची जमीन बायका पायांनी तुडवतात, मग चोपतात, मग परत तुडवतात. जी चकाकली ती पक्की झाली, तिच्यातून पाणी झिरपत नाही. जिला भेग पडली ती वाया गेली. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी उतरले, दुरूनच हात केला. चकाकणाऱ्या बाजूने घ्या.

जीप वीस पावलं गेली आणि बसली. हळूच, म्हैस बसते तशी. मागची चाकं गरगर फिरून आणखी खाली गेली. यांनी छोटा दांडा टाकला तरी तेच. पोट टेकलं.

मी तिथेच गुडघाभर चिखलात उभी. माझ्यामुळे झालं होतं. मनात एकच, दर्शनाचं बाळंतपण आता त्या डोंगरात, आणि काही झालं तर ते या हाताने दाखवलेल्या वाटेमुळे. वरच्या खाचराच्या बांधावर एक बाई विळा घेऊन उभी होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ती हसत होती. मी लाजेने मान वर केली नाही.

"भेगा पडल्यात तिकडं घाला गो," ती वरून म्हणाली. "उन्हानं वाळलं म्हून भेग पडली. चकाकतंय त्याच्या पोटात पानी हाय. कुटल्या गावच्या तुम्ही?"

मी मनात म्हटलं, जिथे भेग म्हणजे वाया, त्या गावच्या. आमच्याकडे चिखलाला माणूस घडवतो. इथे तो पावसाने आणून टाकलेला असतो, त्याला कोणी तुडवलेलं नसतं.

तेवढ्यात मला आठवलं. चकत्या. ओढ्याआधी फिरवायच्या होत्या आणि आम्ही ओढ्याच्या भीतीत विसरलो होतो. पुढचं चाक निम्मं चिखलात होतं. मी खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपडत चकती शोधली आणि फिरवली. मेस्त्रींनी इतकं ग्रीस भरलं होतं की ती लोण्यासारखी फिरली. कट्. दुसऱ्या बाजूला गेले. कट्. यांना म्हटलं, आता. आणि स्टिअरिंग भेगांकडे.

पुढच्या चाकांनी आधी चिखल उडवला, सगळा माझ्यावर. मग एक चाक भेगाळलेल्या मातीच्या कडेला लागलं आणि त्याने ती धरली. मी बघितलं. रबराच्या नक्षीत ती सुकी माती अडकली, आणि चाकाने मागच्या सगळ्या गाडीला हात धरून ओढावं तसं ओढलं. जीप वर आली. मी चिखलात उभी होते आणि माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

ती बाई बांधावरून उतरून आली. जवळ आल्यावर हे गाडीतून उतरून एकदम सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "अगो, या तर विहीणबाय."

लग्नात मी त्यांना दागिने घातलेल्या, जरीच्या पातळात बघितलं होतं. त्या म्हणाल्या, सकाळपासून इथेच आहे, गाडी येते की मागे फिरते ते बघायला. मग माझ्या चिखलाने माखलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला. अंगन अजून लांब हाय."

अंगणात

अंगणात गाडी कधी आली नव्हती. वाडीतल्या बायका, म्हातारे सगळे जमले. एका आजीने बॉनेटवर हात ठेवला आणि गरम लागला म्हणून मागे घेतला, मग परत ठेवला. दर्शना ओटीवर खांब धरून उभी होती. भरलेली दिसत होती, रंग उजळला होता. मी चिखलाने माखलेली असल्यामुळे तिला जवळ घेता आलं नाही. तीच आली.

माझ्या बाटल्यांतलं पाणी चाकं आणि हात धुण्यात संपलं होतं. घसा सुकला होता, पण मागणार कशी? विहीणबाईंना दर्शनाने आमची रीत सांगितली असणार. त्या म्हणाल्या, आमच्यात असलं काही नाही, पण तुमचं मोडायला मी काही बसले नाही. त्यांनी तांब्या दर्शनाच्या हातात दिला आणि तिला घरामागच्या झऱ्याकडे पाठवलं. ती भरून आली ती थेट माझ्यासमोर, घरात न जाता.

"घरचं नाय, डोंगराचं हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पी."

मग बघितलं तर अंगणातच, उंबऱ्याबाहेर, तीन दगडांची चूल मांडलेली होती. त्यावर ओढ्यातल्या मुठ्यांचं, म्हणजे बारक्या खेकड्यांचं कालवण, बाजूला वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. आमच्या खाडीच्या चिंबोऱ्या मोठ्या, मांसाच्या. हे मुठे लहान, पण त्यांचा रस असा की मी दोनदा घेतला. विहीणबाईंनी विचारलंच, आता उंबरा ओलांडायला तुझी काय हरकत नाय ना, का त्यालापन पायलीभर रीत हाय? सगळे हसले. मीपण हसले. लेकीची चूल आत जाऊन बघितली. वाऱ्याच्या बाजूला तोंड नाही, नीट सारवलेली. आमच्या मिठाची पिशवी मी चुलीशेजारी ठेवली.

रात्री वाडीतच राहिलो, शेजारच्या ओटीवर.

उतरण

सकाळी विहीणबाईंनी जीपची तपासणी केली. बाकावर हात दाबला, धरायचा दांडा हलवून बघितला, पाटे खाली वाकून बघितले. म्हणाल्या, मी डांबरापर्यंत येते. हिसका बसला तर तिथून सून परत नेईन. वाडीवर येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं होतं की हळू गेलं तर प्रवासाला हरकत नाही, पण नर्सबाईंचं त्यांना पुरेसं नव्हतं. त्या अनवाणीच चढल्या आणि दर्शनाच्या शेजारी बसून तिच्या पाठीमागून हात टाकला. मी दुसऱ्या बाजूला.

बसण्याआधी मी दोन्ही चकत्या फिरवल्या होत्या. या वेळी विसरले नाही.

यांनी छोट्या दांड्याचा सगळ्यात हळू गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला. मी ओरडणार होते. पण जीप सुटली नाही. इंजिन गुरगुरत तिला धरून होतं, आणि ती एकेक पाऊल टाकत उतरत होती, डोक्यावर भरली घागर घेतलेली बाई उतरते तशी. चालणारा माणूस आमच्या पुढे गेला असता. दगड आला की एक चाक त्याच्यावर चढायचं, थांबल्यासारखं व्हायचं, आणि पलीकडे आपलं आपण खाली ठेवलं जायचं. आम्ही तिघी एकत्र डावीकडे झुलायचो, एकत्र उजवीकडे. कड्यावरचं पाणी सकाळच्या उन्हात चमकत होतं. इतकं मोठं लोखंड इतकं सावकाश चालू शकतं हे मला माहीत नव्हतं.

फणसाच्या तीन झाडांखाली वाट एका मोठ्या कातळावरून उतरते. तिथे विहीणबाई म्हणाल्या, "थांबवा."

हे थांबले. मला वाटलं हिसका बसला. दर्शनाकडे बघितलं, ती मान हलवून नाही म्हणाली. विहीणबाई कातळाकडे बघत होत्या.

"हितं माजी डोली ठेवली व्हती त्यांनी. खांदा बदलायला," त्या म्हणाल्या. "मंग उचललीच नाय. पयला पोरगा व्हता माजा, हितंच गेला."

डोली म्हणजे बांबूला घोंगडी बांधून चार जण बाईला खाली नेतात ती. दर्शनाने आपल्या पोटावर आलेला सासूचा दुसरा हात वरून धरला. दोन वर्षांत तिला हे माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. अट का होती ते मला तेव्हा समजलं, आणि मी त्यांना मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून मान खाली गेली.

इंजिन चालू होतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हाका आता. हळू."

यांनी जीप कातळावर घेतली. पुढची चाकं खाली गेली, आमची तोंडं पुढे झाली, तिघींनी दांडा धरला. लोखंड कुरकुरलं. मग मागची चाकं. विहीणबाई डोळे मिटून होत्या आणि ओठ हलत होते. जीप सरळ झाली. फणसाची झाडं मागे गेली. त्यांनी डोळे उघडले आणि मागे वळून बघितलं नाही.

चिखलाच्या मैदानात भेगांवरून आलो. ओढा ओलांडला. त्या वाटेत विहीणबाई दर्शनाला सांगत होत्या, उताणी झोपू नको, पपई खाऊ नको, तिकडं पानी कमी हाय तर आंघोळीला लाजू नको, तुझी आई देईल. माझ्याकडे बघत नव्हत्या, पण सांगत मलाच होत्या.

मोरी आली. डांबर लागलं. यांनी जीप बाजूला घेतली आणि चकत्या सोडवायला मी उतरले. दोन्ही बाजूंच्या फिरवून झाल्या. विहीणबाईंना उतरायला सोयीचं व्हावं म्हणून मागचा दरवाजा उघडून बाजूला उभी राहिले.

त्या बसूनच होत्या. हात सुनेच्या पाठीवर, पाय अनवाणी, साडीला कालचं भाताचं तूस. वर डोंगरात कापणीला आलेलं भात उभं होतं. त्यांनी एकदा वर बघितलं.

हे आरशातून बघत होते. मी दरवाजा धरून उभी होते. दर्शना काही म्हणायला लागली तर मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

मी दरवाजा हळूच लावला आणि वळसा घालून माझ्या जागेवर जाऊन बसले. हे निघाले. अष्टमीचा पूल आला, गेला. नागोठणं आलं तरी विहीणबाईंचा हात दर्शनाच्या पाठीवरच होता.